नितळ आणि वेगवान नदीतला स्मॉलमाउथ बॅस

पेनसिल्व्हेनियातली सस्क्वेहाना, मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरून वाहणारी पोटोमॅक आणि तिला हार्पर्स फेरीपाशी येऊन मिळणारी शेनान्डोआ या अमेरिकेतल्या नद्यांचे पाणी पाऊस नसलेल्या उन्हाळ्यात इतके नितळ होते की कमरेइतक्या खोलीवरचे गोटेही वेगवेगळे दिसतात. या पाण्यात राहणाऱ्या स्मॉलमाउथ बॅस या माशाला गळाला लावू पाहणाऱ्या नवख्या माणसाची तक्रार ठरलेली असते: मासे दिसतात, पण आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मग तो दुकानात जाऊन आणखी दहा रंगांची आमिषे घेऊन येतो. माझ्या मते हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. पाणी कुठे धावते, कुठे थबकते आणि त्या पाण्यातून माशाला आपण केव्हा दिसतो, एवढे कळले तर चार साधी आमिषे पुरतात, आणि ते कळले नाही तर चाळीस आमिषांनीही काही साधत नाही. वॉशिंग्टनच्या परिसरात आणि पेनसिल्व्हेनियात पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतल्या अनेकांना या नद्या गाडीने जाऊन त्याच दिवशी परतण्याइतक्या जवळ आहेत, म्हणून पुढची उदाहरणे मुख्यतः याच नद्यांची घेतली आहेत.

आधी माशाची ओळख करून घेऊ. स्मॉलमाउथ बॅस हा सनफिश कुळातला मासा असून त्याचे शास्त्रीय नाव मायक्रॉप्टेरस डोलोमियू असे आहे. अंगाचा रंग हिरवट तपकिरी, उन्हात ब्राँझसारखा चमकणारा. बाजूंवर उभे, पुसट गडद पट्टे आणि डोळे बहुधा लालसर. त्याचा भाऊबंद लार्जमाउथ बॅस तळ्यांत आणि संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात रमतो. दोघांतला फरक जबड्यावरून ओळखतात: स्मॉलमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या खाली येऊन संपतो, तर लार्जमाउथचा डोळ्याच्या मागे जातो. नदीतला स्मॉलमाउथ साधारणपणे २५ ते ३५ सेंटिमीटरचा मिळतो आणि ५० सेंटिमीटरचा मासा लागला तर माणूस तो वर्षानुवर्षे सांगत राहतो. या जातीचा विश्वविक्रमी मासा सुमारे ५.४ किलोचा होता. तो १९५५ मध्ये टेनेसी आणि केंटकी यांच्या सीमेवरच्या डेल हॉलो या जलाशयात पकडला गेला. वाहत्या नदीत हा मासा सहसा तेवढा वाढत नाही.

गंमत अशी की आज ज्या नद्या या माशासाठी नावाजलेल्या आहेत, त्यांपैकी पोटोमॅक आणि सस्क्वेहानात तो मूळचा नाही. त्याचे मूळ घर अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या पलीकडे, ओहायो, टेनेसी आणि वरच्या मिसिसिपीच्या खोऱ्यांत आणि ग्रेट लेक्सच्या परिसरात आहे. १८५४ मध्ये ओहायो नदीच्या खोऱ्यातले काही मासे भोके पाडलेल्या बादलीतून, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत ठेवून, पर्वत ओलांडून आणले गेले आणि मेरीलँडमधल्या कंबरलँड गावी कालव्याच्या पाण्यात सोडले गेले. तिथून ते पोटोमॅकमध्ये पसरले आणि पुढच्या दोन दशकांत शेजारच्या नद्यांतही पोहोचवले गेले. खडकाळ तळ, थंड हिवाळा आणि उन्हाळ्यात कोमट होणारे स्वच्छ पाणी हे सगळे आयतेच मिळाल्याने ते तिथे घरच्यासारखे वाढले.

पाण्याचा हिशेब

वाहत्या पाण्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. हा एकच नियम लक्षात ठेवला तरी नदीतल्या माशाचे बरेचसे वागणे उलगडते. भर धारेत सतत पोहत राहायचे म्हटले तर मासा जेवढे खाईल त्याहून अधिक शक्ती त्याला खर्चावी लागेल. डोहाच्या स्थिर पाण्यात पडून राहिला तर खर्च वाचेल, पण तिथे खाणेही बेताचेच येईल, कारण किडे, अळ्या आणि धारेत सापडून भांबावलेले छोटे मासे पाण्याबरोबर वाहत येतात. म्हणून तो स्वतः संथ पाण्यात राहतो आणि वेगवान धार आपल्या तोंडापासून हातभर अंतरावर असेल अशी जागा निवडतो. गर्दीच्या वेळी दादर स्टेशनच्या पुलावर कोणाची वाट पाहणारा माणूस खांबाच्या आडोशाला उभा राहून समोरून जाणारे चेहरे न्याहाळतो, तसे बॅसचे हे उभे राहणे असते.

संथ आणि वेगवान पाणी जिथे एकमेकांना घासून जाते तिथे पृष्ठभागावर एक रेघ उमटते. फेसाचे बुडबुडे, काड्या आणि पाने त्या रेघेवरून ओळीने वाहताना दिसतात. नदीवर गेल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे गळ न टाकता केवळ या रेघा शोधण्यात घालवावीत, कारण जिथे पाने गोळा होतात तिथेच अन्नही गोळा होते. मोठ्या दगडाच्या मागे असा आडोसा असतो हे सगळ्यांना माहीत असते. पण दगडाच्या पुढच्या अंगालाही, म्हणजे जिकडून पाणी येते त्या बाजूला, पाणी दगडावर आपटण्याआधी तुंबते आणि तिथे एक छोटा संथ पट्टा तयार होतो. तिथला मासा वाहत येणारे अन्न सर्वांत आधी पाहतो, त्यामुळे ही जागा पुष्कळदा मोठ्या माशाने धरलेली असते आणि नवखा माणूस नेमका तिच्यावर पाय देऊन दगडाच्या मागे गळ टाकायला जातो.

आडोसा नेहमी डोळ्यांना दिसेलच असे नाही. तळाच्या गोट्यांशी घर्षण होऊन तिथल्या पाण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे वरून जोरात धावणाऱ्या, मांडीइतक्या खोल पाण्यातही तळालगतचा वीतभर थर बराच मंद असू शकतो. तळावर डोक्याएवढे दगड विखुरलेले असतील तर अशा ‘धावत्या’ पाण्यात मासे आरामात असतात. पाणी जोरात आहे म्हणून तो भाग सोडून देणारे लोक नदीतल्या चांगल्या जागांपैकी निम्म्या सोडून देतात असे मला वाटते.

सस्क्वेहानाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ही नदी अ‍ॅपलेशियनच्या घड्या पडलेल्या खडकांना आडवी छेदत येते, त्यामुळे कठीण खडकाचे थर पात्राच्या या काठापासून त्या काठापर्यंत उंबऱ्यासारखे आडवे पसरलेले दिसतात. पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग हिच्यापाशी पात्र किलोमीटरभराहून अधिक रुंद आहे, पण उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेच्या वर जात नाही. एवढ्या अवाढव्य उथळ पात्रात मासा शोधायचा कुठे, या प्रश्नाचे उत्तर हे आडवे कातळ देतात. कातळावरून पाणी उतरते तिथे खालच्या अंगाला तळ खरवडला जाऊन लांबट घळ तयार होते, आणि कातळाला जिथे खिंड असते तिथून पाण्याची जाड जीभ बाहेर पडते. त्या जिभेच्या दोन्ही कडा आणि कातळाखालची घळ या जागा आधी धुंडाळाव्यात. हॅरिसबर्गच्या वर १९०२ मध्ये बांधलेला रॉकव्हिलचा दगडी कमानींचा रेल्वेपूल आहे. त्याच्या प्रत्येक खांबाभोवतीही पाण्याची हीच मांडणी तयार होते. बेटांच्या कडेने वॉटर विलो नावाच्या पाणवनस्पतीचे ताटवे असतात आणि त्यांच्या धारेकडच्या कडेला छोटे मासे आश्रय घेतात, त्यामुळे सकाळी लवकर बॅस तिथे अगदी घोटाभर पाण्यातही येतो.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण नापसंतीने वापरतो, पण भर उन्हाळ्यातल्या बॅसला तो खळखळाट हवा असतो. पाणी जितके कोमट तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. दगडांवर फुटणाऱ्या पाण्यात हवा मिसळते आणि ती उणीव भरून निघते. शिवाय मेफ्लाय या नाजूक पंखांच्या कीटकाची पिल्ले आणि हेलग्रॅमाइट ही डॉब्सनफ्लायची काळी, चिमटेदार जबड्यांची अळी अशा खळाळातल्या गोट्यांखालीच राहतात. गोट्यांच्या तळाच्या नद्यांत खळाळ आणि डोह आलटून पालटून येतात, साधारणतः पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतराने. खळाळ संपून डोह सुरू होतो ती जागा, म्हणजे डोहाचे डोके, उन्हाळ्यात सर्वांत भरवशाची. डोहाचे शेपूट, जिथे पाणी पुन्हा उथळ होत वेग घेते, ते पहाटे आणि संध्याकाळी पाहावे.

मासा आपल्याला कसा पाहतो

नितळ पाण्यात जो मासा आपल्याला स्पष्ट दिसतो, त्याने बहुधा आपल्याला आधीच पाहिलेले असते, आणि सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीचे कारण हेच आहे. असा मासा पळून जाईलच असे नाही. तो जागेवरच राहतो, आपल्याकडे पाहत राहतो, फक्त खात नाही.

यामागचे प्रकाशशास्त्र सोपे आहे. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटलेले, डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. खिडकीच्या बाहेर त्याला पृष्ठभागाच्या आतल्या बाजूवर तळाचे प्रतिबिंब दिसते. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांपेक्षा कमी कोनातून येणारा प्रकाश बराचसा पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो आणि जो आत शिरतो त्यातली प्रतिमा खिडकीच्या कडेला चेपलेली असते. हिशेब केला तर त्या खिडकीच्या कडेपासून १२ मीटर अंतरावर १० अंश म्हणजे पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंची येते. म्हणून मांडीभर पाण्यात उभा असलेला माणूस एवढ्या अंतरावरून जवळजवळ झाकलेला राहतो. तोच माणूस उंच काठावर उभा राहिला तर पुरता उघडा पडतो. यातून तीन सवयी निघतात: काठावर उभे राहण्याऐवजी पाण्यात उतरावे, अंतर राखावे, आणि जवळ जायचेच असेल तर वाकून जावे. खळाळात पृष्ठभाग सतत मोडत असल्याने माशाची खिडकीही मोडलेली असते, त्यामुळे तिथे निम्म्या अंतरापर्यंत जाता येते. आरशासारख्या डोहात मात्र तीच मोकळीक घेऊ नये.

मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध चालत जाणे चांगले. याला एक अपवाद आहे आणि तो विसरल्याने पुष्कळ मासे बिथरतात. मोठ्या खडकामागे किंवा काठाच्या खोबणीत पाणी उलटे फिरत असते, आणि तिथल्या माशाचे तोंड नदीच्या उताराकडे, म्हणजे थेट आपल्याकडे असू शकते. अशा ठिकाणी बुडबुड्यांची दिशा पाहून मगच बाजू ठरवावी.

आवाजाचेही भान ठेवावे लागते. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली बारीक हालचाल टिपते. काठावरच्या गप्पा त्याला फारशा पोहोचत नाहीत, कारण हवेतला आवाज पृष्ठभागावरच बराचसा परत फिरतो. गोट्यांवर घसरलेला बूट मात्र लगेच पोहोचतो. पाऊल उचलून सावकाश टेकवावे, पाय ओढत चालू नये. आपली सावली आपल्या पुढे पडणार नाही अशी बाजू घ्यावी. ध्रुवीकृत काचांचा चष्मा ही या साऱ्या सामानातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी वस्तू आहे, कारण ती पृष्ठभागाची चकाकी कापते आणि मासा दिसला नाही तरी तळाचा उतार, दगड आणि घळी दिसतात.

आमिष वाहू द्यावे

या नद्यांतल्या बॅसचे मुख्य खाणे क्रेफिश, म्हणजे शेवंडीच्या जातीचा बोटभर लांबीचा गोड्या पाण्यातला जीव. त्याखालोखाल छोटे मासे, हेलग्रॅमाइट आणि हंगामात पाण्यावर पडणारे कीटक येतात. मेफ्लायचे थवे या नद्यांवर किती दाट येतात याची कल्पना एका घटनेवरून येईल: जून २०१५ मध्ये सस्क्वेहानावरच्या कोलंबिया आणि राइट्सव्हिल यांना जोडणाऱ्या पुलावर मेफ्लायचा एवढा खच पडला की त्यावरून मोटारसायकली घसरल्या आणि पूल काही काळ बंद ठेवावा लागला. तिन्हीसांजेला असे थवे उतरले की खाली मासे पृष्ठभागावर येऊन खातात आणि तेव्हा तरंगणाऱ्या आमिषाशिवाय दुसऱ्या कशाकडे पाहत नाहीत.

एरवी आमिषाबद्दलचा महत्त्वाचा नियम वेगाचा आहे. धारेत सापडलेला क्रेफिश किंवा अळी पाण्याच्या वेगानेच वाहते, आडवी पोहत नाही आणि धारेविरुद्ध तर मुळीच जात नाही. आमिष तसे वाहायला हवे. धारेच्या वरच्या बाजूला तिरपे, साधारण ४५ अंशांत टाकावे, ते बुडू द्यावे आणि आपल्याकडे वाहत येताना तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, जेवढा ढिला पडतो तेवढाच रिळावर गुंडाळत जावे. आमिष ओढायचे नाही, फक्त त्याच्याशी संपर्क सुटू द्यायचा नाही. खरी अडचण अशी की आपण आणि आमिष यांच्यामध्ये वेगवेगळ्या वेगांच्या दोन-तीन धारा असतात. वेगवान धार तंगूसाला खाली खेचते, त्याला पोट सुटते आणि दुसऱ्या टोकाचे आमिष तळावरून अस्वाभाविक वेगाने फरफटत जाते. चिखलट पाण्यात हे खपून जाते, नितळ पाण्यात मासा ते लगेच ओळखतो. उपाय दोन आहेत: गळाच्या काठीचे टोक उंच धरून जास्तीत जास्त तंगूस पाण्याबाहेर ठेवणे, आणि मधल्या धारा कमी होतील अशा जागी स्वतः सरकणे. दुसरा उपाय अधिक चांगला, पण माणसे एका जागी रोवून उभी राहतात.

वजन किती घ्यावे हे तळ सांगतो. मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी शिसे बसवलेल्या गळावर चढवून केलेले ट्यूब नावाचे आमिष इथे फार चालते, आणि त्यासाठी साडेतीन ते सात ग्रॅमचे शिसे बहुतेक वेळा पुरते. वाहताना ते मधूनमधून तळाला टेकले पाहिजे. एकदाही टेकत नसेल तर हलके आहे, प्रत्येक वेळी दगडात अडकत असेल तर जड आहे. तळाला टेकल्यावर क्वचित एखादा छोटा झटका द्यावा, कारण घाबरलेला क्रेफिश शेपटी आपटत मागे उडी मारतो. माशाने घेतल्याचे कळते ते बहुधा झटक्याने नव्हेच. वाहणारा तंगूस मध्येच थांबतो किंवा बाजूला सरकतो, तेवढ्यावर काठी उचलावी लागते.

याच नदीवर तयार झालेले एक आमिष पुढे जगभर गेले. सस्क्वेहानाकाठच्या मिडलटाउन गावचे मार्गदर्शक बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात स्मॉलमाउथसाठी केसांची एक साधी माशी, म्हणजे गळावर बांधलेले कृत्रिम आमिष, बांधली. गळाच्या दांड्यावर डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे असे बसवले की गळाचे टोक वरच्या दिशेला राहते, त्यामुळे ते दगडात कमी अडकते. आणि ओढ थांबली की माशी डोके खाली करून झेपावते, दचकलेला छोटा मासा तळाकडे पळतो तशी. मेरीलँडचे नामवंत गळवाले लेफ्टी क्रे यांनी तिचे नाव क्लाउझर डीप मिनो असे ठेवले आणि आज ती समुद्रातल्या माशांसाठीही वापरली जाते. तिचे यश रंगात नाही, हालचालीत आहे.

तंगूसाच्या अदृश्यतेवर फार बोलले जाते. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) १.३३, फ्लोरोकार्बन या प्रकारच्या तंगूसाचा सुमारे १.४२ आणि साध्या नायलॉनचा १.५ च्या पुढे, त्यामुळे फ्लोरोकार्बन पाण्यात कमी उठून दिसतो हे खरे. तरी बारीक तंगूसाचा मोठा फायदा मला वेगळाच वाटतो: त्याला धार कमी पकडते, म्हणून आमिष अधिक स्वाभाविक वाहते. बारीक विणीचा मुख्य दोरा आणि पुढे दोन-अडीच मीटर सहा ते आठ पौंड ताकदीचा फ्लोरोकार्बन, सुमारे दोन मीटरची हलकी काठी, एवढी जोडणी पुरे. रंगाविषयी इतकेच की नितळ पाण्यात तपकिरी, शेवाळी आणि धुरकट रंग घ्यावेत. भडक रंग गढूळ पाण्यासाठी ठेवावेत.

वाहू देण्याच्या बरोबर उलटी रीतही नितळ पाण्यात चालते आणि ती म्हणजे वेग. फिरत्या पात्याचा स्पिनर किंवा माशाच्या आकाराचे जर्कबेट धारेतून झपाट्याने नेले तर माशाला ते न्याहाळायला वेळच मिळत नाही. क्षणात झडप घालायची किंवा सोडून द्यायचे, एवढेच त्याच्या हाती राहते. पाण्याच्या वेगाशीही न जुळणारी आणि घाईचीही नसणारी मधली संथ ओढ तेवढी टाळावी.

तापमान आणि ऋतू

पाण्याचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर जवळ असावा. पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली गेले की स्मॉलमाउथ सुस्तावतो, खळाळ सोडतो आणि खोल, मंद डोहांत एकत्र जमतो. त्यासाठी तो किती लांब जातो हे विस्कॉन्सिनमधल्या एम्बरास आणि वुल्फ नद्यांत रेडिओ ट्रान्समीटर लावून पाहिले गेले. काही मासे शरद ऋतूत ६० किलोमीटरहून अधिक खाली उतरून गेले. म्हणून जुलैत भरलेली जागा नोव्हेंबरात रिकामी सापडली तर आपले काही चुकले असे समजू नये. हिवाळ्यात आमिष जवळजवळ स्थिर ठेवावे लागते.

वसंतात पाणी १३ ते १८ अंशांच्या दरम्यान आले की नर शेपटीने गोटे आणि वाळू साफ करून गोल घरटे करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढचे काही आठवडे नर अंड्यांची आणि पिलांची राखण करतो. या काळात तो जवळ येणाऱ्या कशावरही धावून जातो, त्यामुळे पकडायला अगदी सोपा असतो. मला हे गळ टाकणे पटत नाही. राखणदार काही मिनिटांसाठी उचलला तरी सनफिश आणि इतर छोटे मासे घरट्यावर तुटून पडतात. पेनसिल्व्हेनियाच्या नियमांत वसंतात पकडलेला बॅस लगेच सोडण्याचे बंधन आहे ते याचसाठी. निसर्गाकडून धोका असतो तो पुराचा: अंडी आणि पिले नाजूक असताना नदी फुगली तर त्या वर्षीची पिढी फार थोडी उरते, आणि तीन-चार वर्षांनी मध्यम आकाराचे मासे कमी का लागतात याचे उत्तर त्या विसरलेल्या पुरात सापडते.

वीस ते सत्तावीस अंश हा या माशाचा भर खाण्याचा काळ. त्याहून पाणी तापले की दुपार सोडून द्यावी. पावसाने नदी चढत आणि गढूळत असताना जाण्यात अर्थ नाही. ती उतरू लागून पाणी निवळत असताना, अजून थोडीशी झाक राहिलेली असते, तेव्हाचे एक-दोन दिवस सर्वांत चांगले. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची मापनकेंद्रे या नद्यांची पातळी आणि दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते ते संकेतस्थळावर सतत देत असतात. घरून निघण्याआधी आजचा आकडा आणि तो चढतो आहे की उतरतो आहे हे पाहावे.

पाण्यात उतरताना

वेग दुप्पट म्हणजे रेटा चौपट, हा नियम माणसालाही लागू आहे. वेगवान पाण्यात मांडीच्या वर जाऊ नये, हातात आधाराची काठी असावी, आणि पडल्यास लगेच उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय दगडांत अडकून धार अंगावरून जाण्याचा धोका असतो. पाय पुढे करून पाठीवर तरंगत उथळ पाण्याकडे जावे. हॅरिसबर्गमधला डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा दिसायला किरकोळ आहे, पण त्याच्याखाली पाणी स्वतःवरच उलटे फिरते आणि त्यात सापडलेल्या नावा आणि माणसे बाहेर पडू शकत नाहीत. तिथे अनेकांचे जीव गेले आहेत. पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात कयाक, कनू आणि १६ फुटांपेक्षा छोट्या नावांत तरंगते जॅकेट अंगात घालणे सक्तीचे आहे. बुटांबाबतही एक नियम आहे: शेवाळलेल्या दगडांवर पकड देणारे नमद्याचे तळ ओलसर राहून एका नदीतले सूक्ष्म शेवाळ दुसरीत नेतात, म्हणून मेरीलँडने २०११ मध्ये त्यांवर बंदी घातली.

मासा लागला की तो बहुधा हवेत उडी मारतो आणि मग अंग आडवे करून धारेचा जोर वापरतो. त्याला धारेतून बाजूच्या संथ पाण्यात वळवावे, वरच्या दिशेने बळेच ओढू नये. दात टोचणारे नसल्याने खालचा ओठ अंगठा आणि बोट यांत धरून गळ पाण्यातच काढता येतो. गळाचे काटे आधी पकडीने दाबून ठेवले तर काम क्षणाचे. नदीतला मासा सावकाश वाढतो, तीस सेंटिमीटरला तीन-चार वर्षे आणि पन्नासला दहाच्या आसपास, त्यामुळे बहुतेक लोक तो सोडून देतात. सस्क्वेहानात २००५ मध्ये रोगाने कोवळी पिले मोठ्या प्रमाणावर मेली आणि पुढे मासे कमी झाले, तेव्हा राज्याने मधल्या व खालच्या सस्क्वेहानाच्या सुमारे १६० किलोमीटरच्या आणि तिची उपनदी जुनियाटा हिच्या सुमारे ५० किलोमीटरच्या पट्ट्यात पकडलेला प्रत्येक बॅस सोडून देणे बंधनकारक केले. नियम बदलत असतात, म्हणून परवाना घेताना त्या वर्षीची पुस्तिका पाहावी. पेनसिल्व्हेनियात आणि मेरीलँडमध्ये १६ वर्षांपासून पुढे परवाना लागतो.

मासा सोडायचा तो मात्र पकडला त्याच पाण्यात. अ‍ॅरिझोनात ग्लेन कॅनियन धरण गाळ अडवून ठेवते, त्यामुळे त्याखालची कोलोरॅडो नदी नितळ झाली आहे, आणि पूर्वी ती थंडही असे, कारण पाणी जलाशयाच्या खोलातून सुटत असे. दुष्काळाने जलाशय खाली गेला तसे टर्बाइनांतून वरच्या थराचे कोमट पाणी आणि त्याबरोबर जलाशयातले स्मॉलमाउथ येऊ लागले, आणि २०२२ मध्ये धरणाच्या खाली त्यांची पिले सापडली. ग्रँड कॅनियनमधला हम्पबॅक चब हा संकटातला स्थानिक मासा त्यांचे सोपे खाद्य ठरू शकतो. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाच्या तळाजवळच्या नळांतून थंड पाणी मिसळून नदी १५.५ अंशांच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला गेला. त्यामागे हेतू एकच होता: नराने घरटे करू नये.